पडलेल्या झाडाच्या फळ्या पाडायच्या आहेत? फिरती आरागिरणी बांधण्याआधी हे वाचा

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन मोठे झोडपे बसले की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी समोर येतो. मीरा रोडच्या सोसायटीत रेन ट्री पडलेला असतो, उत्तनच्या वाडीत जुना आंबा आडवा झालेला असतो, भाईंदर पश्चिमेला एखाद्या बंगल्याच्या आवारात गुलमोहर कोसळलेला असतो. ठेकेदार हात-हातभराचे तुकडे करून ट्रकमध्ये भरायला निघतो आणि बघणाऱ्यांच्या जिवाची घालमेल होते. एवढा घेर असलेलं लाकूड चुलीत किंवा कचरापट्टीत का जावं? मग कुणीतरी मोबाईलवर फिरत्या आरागिरणीचा व्हिडिओ दाखवतो आणि विचारणा सुरू होते: ‘हे यंत्र आपण बांधू शकतो का? इंजिन किती एचपीचं घ्यावं?’

एचपीचा प्रश्न योग्यच आहे, पण तो शेवटून दुसरा आहे. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लाकूड कुणाचं, चिरणार कुठे आणि किती. या तिन्हींची उत्तरं मिळाली की कोणतं यंत्र आणि कोणती ताकद हे बरंचसं आपोआप ठरतं. अनेकांच्या बाबतीत यंत्र बांधण्याची गरजच उरत नाही.

आधी लाकूड कुणाचं ते पाहा

- रस्ता, फूटपाथ, उद्यान यांतलं झाड महापालिकेचं. ते तुमच्या गाडीवर पडलं तरी त्याचं लाकूड तुमचं होत नाही. हवं असेल तर उद्यान विभागाकडे लेखी मागणी करा. ठेकेदाराच्या हातावर पैसे ठेवून ओंडका घेऊ नका. उद्या तो कुठून आला हे तुम्हाला दाखवता येणार नाही.
- सोसायटीच्या आवारातलं झाड सोसायटीचं, म्हणजे सगळ्या सभासदांचं. लाकडाचं काय करायचं ते व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा. दोन उत्साही सभासदांनी परस्पर ओंडके हलवले की चांगल्या कामाचंही भांडण होतं.
- खाजगी वाडीतलं झाड मालकाचं. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर तिच्यावरच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागू आहे. चेणे-काजूपाड्याच्या बाजूला असं लाकूड कुणी स्वस्तात देऊ केलं तर आधी कागद पाहा. तो कायदा विकणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे.
- खाडीकाठची तिवरं, कांदळ यांना हातच लावू नका. पडलेली असोत वा वाळलेली, त्यांची चौकशी फक्त कांदळवन कक्षाकडे करावी.

झाड उभं असो वा कललेलं, शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे आणि परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट येते. फळ्यांसाठी उभं झाड पाडण्याचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. या लेखातलं सगळं पडलेल्या किंवा रीतसर काढलेल्या झाडांविषयी आहे.

झाड आपोआप पडलं असलं तरी करवत लावण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. उपटलेली मुळं आणि मोडलेला बुंधा त्यात स्पष्ट दिसू द्या. उद्यान विभागाला कळवून पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

चाकं लावली म्हणून ती आरागिरणी नाही, असं समजू नका

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. ‘आमची काही कायमची गिरणी नाही, ट्रेलरवर आहे, मग परवाना कशाला?’ असं पुष्कळांना वाटतं.

लाकूड चिरण्याच्या धंद्यावर देशभर कडक बंधनं आली ती सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यातून. जंगलातलं चोरटं लाकूड गिरणीत गेलं की त्याच्या फळ्या होतात आणि फळीवरून झाड ओळखता येत नाही, म्हणून न्यायालयाने गिरण्यांवरच लगाम घातला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नव्या आरागिरण्यांना मनाई केली. पुढे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी लाकूड उद्योगांचं नियमन राज्यस्तरीय समित्यांकडे दिलं. भारतीय वन अधिनियम आणि त्याखालचे राज्याचे नियम आहेतच.

मीरा-भाईंदरला आणखी एक बाजू आहे. घोडबंदर, चेणे, काशिमीरा हा सारा पट्टा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला टेकलेला आहे. उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं, आणि अशा क्षेत्रात नवी आरागिरणी उभी करायला बंदी असते. तुमची जागा त्या हद्दीत येते का, हे सर्व्हे नंबर सांगून विचारून घ्या.

म्हणून यंत्रावर पहिला रुपया खर्च करण्याआधी ठाण्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयाला एक पत्र द्या. त्यात एवढंच लिहा:

- यंत्राचा प्रकार, पट्टीच्या करवतीच्या (बँड सॉ) चाकाचा व्यास, मोटार किंवा इंजिनाची ताकद;
- यंत्र कुठे उभं राहील, सर्व्हे नंबर किंवा पत्ता;
- लाकूड कुठलं, कोणत्या जातीचं, अंदाजे किती घनफूट;
- काम स्वतःच्या वापरासाठी की मोबदला घेऊन;
- प्रश्न: ‘यासाठी परवाना लागतो का? लागत असल्यास कोणत्या नियमाखाली आणि अर्ज कुणाकडे?’

उत्तर लेखीच मागा. तोंडी ‘चालेल’चा पुढे काही उपयोग नसतो, ते सांगणारे साहेब बदलून जातात. दुसऱ्यांचं लाकूड पैसे घेऊन चिरायचा विचार असेल तर परवान्याशिवाय एक पाऊलही टाकू नका.

लाकूड एका गावातून दुसरीकडे न्यायचं तर वाहतूक पास लागू शकतो. जातीप्रमाणे नियम बदलतात. काही जाती सुटलेल्या आहेत, सागासारख्या जाती मुळीच नाहीत. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन पासची सोय झाली आहे. कोकणात गावी वाडी असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं की तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे आणि त्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या बागांत जुनी कलमं जमिनीवर लोळत होती. अशा वेळी जागेवर फळ्या पाडणारं यंत्र खरोखर उपयोगी पडतं, पण पंचनामा आणि पास यांतून तिथेही सुटका नाही.

उत्तर मिळत नसेल तर

अर्ज हातोहात देऊन पोच घ्या. परवानगी किंवा नकाराची कारणं, पंचनाम्याची प्रत, ठेकेदाराने नेलेल्या लाकडाची नोंद हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. तुम्ही मागत असलेली परवानगी २०१५ च्या सेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहे का तेही विचारा. असेल तर मुदत उलटल्यावर अपील करता येतं. तोडीच्या प्रस्तावावर हरकत घेण्याचा हक्क कुणाही नागरिकाला आहे. डोंगरीत मेट्रो ९ च्या कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर डोंगरी-उत्तनच्या रहिवाशांनी तो बजावला.

यंत्र हवं की परवानाधारक गिरणी?

लाकूड मोजल्याशिवाय हे ठरत नाही. वखारीत अजून चौथाई-घेराची पद्धत चालते: ओंडक्याच्या मध्यावरचा घेर इंचांत घ्या, चारने भागा, वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. घेर ६० इंच आणि लांबी ८ फूट असेल तर १५ चा वर्ग २२५, गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे साडेबारा घनफूट. या हिशेबात खऱ्या आकारमानाच्या सुमारे ७८ टक्केच मोजले जातात, कारण गोलाईतली घट आधीच धरलेली असते. कटाईचा दर ठरवताना माप याच पद्धतीचं की प्रत्यक्ष पडलेल्या फळ्यांचं, ते आधी स्पष्ट करून घ्या. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

- एक-दोन झाडं असतील: चेन सॉने सहा-आठ फुटांचे ओंडके करून परवानाधारक गिरणीत न्या. पास, कटाई, टेम्पो सगळं धरूनही यंत्र बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.
- ओंडका हलवता येत नसेल: चेन सॉला चौकट बसवून जागेवरच फळ्या पाडता येतात. सत्तर सीसीच्या आसपासचं यंत्र, लांब बार आणि उभी चीर घेणारी साखळी लागते. मात्र चेन दर चिरेला आठ-नऊ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, पट्टीची करवत साधारण दोन. इंचाच्या दहा फळ्या काढताना चेनने तीन फळ्यांइतकं लाकूड भुशात जातं. दहा-बारा सेंटिमीटरचे जाड थर काढायचे असतील तर हा तोटा सोसतो, फळ्यांना परवडत नाही.
- वर्षानुवर्षं काम असेल, स्वतःची जागा असेल आणि वन विभागाचं लेखी उत्तर हातात असेल, तरच पट्टीचं यंत्र बांधा.

यंत्र बांधताना

तत्त्व सोपं आहे. ओंडका स्थिर, करवतीचं डोकं रुळावरून सरकतं. याचं कारण वजन. दोन फूट जाड आणि आठ फूट लांब ओला ओंडका पाच-सहाशे किलो भरतो. त्याला ढकलण्यापेक्षा करवतीला ढकलणं शहाणपणाचं. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत चांगले फॅब्रिकेटर आणि टर्नर आहेत, तेव्हा वेल्डिंग आणि शाफ्टचं काम शहरातच होतं.

बेडसाठी शंभर मिलिमीटरचे सी-चॅनल, त्यावर उलटा अँगल रूळ म्हणून, आणि डोक्याला खाच असलेली चाकं. दोन रूळ एका पातळीत नसतील तर फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ येते, मग इंजिन कितीही भारी असो. मीरा-भाईंदरची बरीचशी जमीन भरावाची, पावसात दबणारी. म्हणून प्रत्येक वेळी बेडच्या सहा पायांखाली फळकुटं देऊन लेव्हल-ट्यूब लावा.

पट्टीची चाकं निदान ४८ सेंटिमीटर व्यासाची घ्या. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची, सव्वा इंच रुंद पट्टी यापेक्षा लहान चाकावर दर फेरीला जास्त वाकते आणि सांध्यापाशी तडकते. दोन्ही चाकं समोरासमोर एका रेषेत आणि ताणाचा स्क्रू स्प्रिंगवर असावा, म्हणजे गरम होऊन पट्टी लांबली तरी ताण टिकतो. पट्टी जिथे लाकडात शिरते त्याच्या दोन्ही बाजूंना मार्गदर्शक रोलर हवेत, आणि त्यातला एक सरकता. रुंदीनुसार तो ओंडक्याच्या जवळ आणला नाही तर चीर लाटेसारखी जाते. चिरताना पट्टीवर पाण्याची बारीक धार ठेवा. ओल्या रेन ट्रीचा आणि आंब्याचा चीक पट्टीवर बसला की ती तापते.

चाकं पूर्ण झाकणारं पत्र्याचं आवरण हा शेवटी पैसे उरले तर करायचा भाग नाही. तुटलेली पट्टी सेकंदाला पंचवीस मीटरच्या वेगाने बाहेर येते. आवरण बसल्याशिवाय इंजिन सुरूच करू नका.

ताकद: पेट्रोल, डिझेल की वीज?

आधी वेग, मग ताकद. पट्टीला सेकंदाला सुमारे २५ मीटर वेग लागतो. ४८ सेंटिमीटर चाकाचा परीघ दीड मीटर, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे एक हजार फेऱ्या फिरायला हवं. पुल्यांचा हिशेब त्यावरून:

- वीज, १४४० फेऱ्यांची मोटार: मोटारीवर ६ इंची, चाकाच्या शाफ्टवर ९ इंची पुली, ९६० फेऱ्या मिळतात.
- डिझेल, १५०० फेऱ्या: तीच ६ आणि ९ ची जोडी, बरोबर १०००.
- पेट्रोल, ३६०० फेऱ्या: ४ इंची क्लच आणि १४ इंची पुली, हजारावर थोडं.

वेग कमी ठेवून जोर लावला तर पट्टी भटकते. जास्त ठेवला तर ती लवकर थकते आणि तुटते.

*वीज* ही माझी पहिली पसंती, आणि ती केवळ खर्चापुरती नाही. साडेसात एचपीची थ्री-फेज मोटार दीड-दोन फुटांच्या ओंडक्याला पुरते, गाठ आली तरी दम सोडत नाही, आवाज कमी आणि धूर नाही. तिला साधारण ११ अँपिअर लागतात. आपल्याकडे वीज अदानी किंवा टाटा पॉवर देते. जोडणीचा मंजूर भार पुरेसा आहे का ते बिलावर बघा, आणि काम वेगळ्या प्रकारचं असेल तर तात्पुरती जोडणी मागा. सोसायटीच्या लिफ्टच्या किंवा पंपाच्या पॅनेलवरून वायर ओढू नका. तारेत चार चौरस मिलिमीटर तांबं, ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक, यंत्राच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि हाताच्या टप्प्यात लाल थांबा-बटण, एवढं हवंच. जमीन ओली, पट्टीवर पाणी आणि उघडी जोडणी हा जीवघेणा मेळ आहे.

सिंगल-फेजवर तीन एचपीपर्यंत जाता येतं. एक फुटापर्यंतचे ओंडके संथपणे चिरले जातात. त्याहून मोठ्यांसाठी तो हट्ट करू नये.

जनरेटरवर साडेसात एचपी चालवायची तर सुरुवातीचा झटका लक्षात घ्या. सरळ चालू केली तर मोटार पाच-सहा पट करंट ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर आणि १५ केव्हीएचा जनरेटर धरा, किंवा वेग-नियंत्रक बसवा.

*पेट्रोल* इंजिन हलकं आणि ट्रेलरला सोयीचं. ३९० सीसीचं, १३ एचपीच्या वर्गातलं घ्या. साडेसहा एचपीवर माणूस दिवसभर ढकलत राहतो आणि पट्टी तापवत बसतो. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, आणि भुशाचा ढीग सायलेन्सरपासून दूर ठेवा.

*डिझेल* म्हणजे किर्लोस्करसारखी सिंगल-सिलिंडर इंजिनं. शेतावर एका जागी ठेवायची असतील तर उत्तम: कमी फेऱ्या, भरपूर दम, दुरुस्ती करणारा प्रत्येक तालुक्यात. पण त्यांचं वजन आणि हादरे फिरत्या सांगाड्याला सोसत नाहीत. पेट्रोल असो वा डिझेल, निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि इंजिन ती सहज ओलांडतं. सोसायटीच्या आवारात इंजिन चालवायचा आग्रह धरू नका; शेजाऱ्यांची तक्रार रास्तच ठरेल.

करवत लागण्याआधी

उपटून पडलेल्या झाडाच्या मुळांच्या चकतीमागे कुणालाही उभं राहू देऊ नका. बुंधा कापला की वजन जातं आणि ती चकती झटक्यात पुन्हा उभी राहते. हे काम चेन सॉ रोज हाताळणाऱ्या माणसाचं आहे. त्याला हेल्मेट, कानांचं संरक्षण आणि पायांचं जाड कवच तुम्ही द्या, आणि त्याचा अपघात विमा आहे का ते काम सुरू होण्याआधी विचारा.

शहरातल्या झाडाच्या पोटात लोखंड असतं. वृक्षगणनेच्या क्रमांकाचा पत्रा, दिवाळीच्या माळांचे खिळे, कधीकाळी बांधलेली तार झाडाने गिळलेली असते. वरून साल अखंड दिसते. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर-काळा, शाई सांडल्यासारखा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजा. लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग येतो. जमिनीपासून सहा-सात फुटांपर्यंतचा भाग हाताच्या मेटल डिटेक्टरने तपासा. एक खिळा नवी पट्टी एका क्षणात बाद करतो.

फळ्या पडल्यावर

ओंडका कापला त्याच दिवशी त्याची दोन्ही तोंडं जुन्या ऑइलपेंटने बंद करा, नाहीतर टोकांपासून चिरा आत शिरतात. रेन ट्री, आंबा आणि गुलमोहर यांना भुंगा लागतो, विशेषतः सालीलगतच्या पांढऱ्या भागाला. म्हणून चिरल्यावर लगेच बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं द्रावण दोन्ही बाजूंना लावा. गुलमोहराकडून फार अपेक्षा ठेवू नका. लाकूड मऊ, मुलांची खेळणी-फळकुटं होतील, बाक टिकणार नाही. रेन ट्रीचा तपकिरी गाभा मात्र सुंदर निघतो.

थप्पी जमिनीपासून फूटभर उंच, छपराखाली, बाजू मोकळ्या ठेवून रचा. दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या सारख्या पट्ट्या द्या आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत ठेवा. वर वजन ठेवा. आपल्या दमट हवेत इंचभर जाड फळीला निदान एक कोरडा हंगाम पूर्ण जावा लागतो, दोन इंचीला दोन. पावसाळ्यात प्लास्टिकने गुंडाळू नका, बुरशी चढते. चिरल्याचा महिना फळीच्या टोकावर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि सुतार कितीही घाई करो, वाळण्याची मुदत संपण्याआधी रंधा लावू देऊ नका.